तट आणि थडी : बीड जिल्ह्यातील जलवेष्टित देवस्थाने व कोट

मराठीत 'तट' हा शब्द दोन भिन्न वस्तूंना लागतो. नदीचा काठ हा तट, आणि किल्ल्याची भिंत हाही तटच. बोलणाऱ्याला यात काही अडचण वाटत नाही, कारण त्याच्यासमोर ती वस्तू उभी असते. जुना कागद वाचणाऱ्याची स्थिती मात्र निराळी असते. नदीकाठच्या एखाद्या गढीच्या किंवा देवळाच्या संदर्भात 'तटालगत', 'तटाखाली', 'तटापासून' असे शब्द आले, तर तेथे पाण्याचा काठ अभिप्रेत आहे की भिंत, हे केवळ वाक्यावरून ठरविता येत नाही. त्यासाठी जागेचे ज्ञान असावे लागते. जागेच्या अशा ज्ञानासाठी बीड जिल्हा विशेष उपयुक्त आहे. नदी, देऊळ आणि भिंत यांचे परस्परसंबंध येथे थोड्या अंतरात तीन-चार निरनिराळ्या प्रकारांनी पाहावयास सापडतात.

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट होईल. संस्कृतात 'तट' याचा मूळ अर्थ उतार, कडा असा आहे. त्यावरून नदीचा काठ आणि डोंगराची बाजू असे दोन्ही अर्थ निघाले. 'गिरितट' हा समास त्यामुळेच शक्य झाला. अमरकोशाने मात्र 'तट' हा शब्द पाण्याच्या वर्गात, काठवाचक शब्दांत घातला आहे. भिंतीचे शब्द, म्हणजे प्राकार, साल, वप्र इत्यादी, पुरवर्गात येतात. प्राकृतात स्वरांमधील 'ट' चा 'ड' होऊन 'तड' झाले, आणि हेच रूप मराठीत 'तडीस नेणे', 'तडीस जाणे', 'तडीपार' या प्रयोगांत टिकून आहे. काम तडीस जाते, म्हणजे ते पैल काठाला लागते. 'थड' आणि 'थडी' हे शब्दही याच कुळातले मानले जातात. पण त्यांतील महाप्राण 'थ' कोठून आला याचा स्वतंत्र खुलासा करावा लागतो, आणि केवळ 'तट'पासून सरळ नियमाने तो होत नाही. 'गंगथडी', 'भीमथडी' ही प्रदेशनामे या शब्दानेच बनली. ध्वनिपरिवर्तनाने घडलेल्या तद्भव रूपांनी काठाचा अर्थ सांभाळला आणि संस्कृत रूपात राहिलेल्या 'तट' शब्दाने भिंतीचा नवा अर्थ घेतला, अशी कामाची वाटणी झालेली दिसते. पुढे त्याला फार्सी 'बंदी' जोडली जाऊन 'तटबंदी' हा संकर शब्द तयार झाला. या संकर शब्दात मात्र संदिग्धता उरली नाही. नदीला कोणी तटबंदी म्हणत नाही.

काठ आणि भिंत यांना एकच शब्द लागणे ही मराठीची लहर नव्हे. संस्कृत 'वप्र' याचे अर्थ कोटाचा मातीचा बांध आणि नदीचा उंच काठ असे दोन्ही आहेत. काठवाचक 'रोधस्' हा शब्द अडविणे या अर्थाच्या 'रुध्' धातूपासून आला. म्हणजे काठ हा पाण्याला अडविणारा, अशी ती कल्पना आहे. इंग्रजीत 'डाइक' म्हणजे बांध आणि 'डिच' म्हणजे चर हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत, कारण चर खणला की काढलेल्या मातीचा बांध आपोआप उभा राहतो. पाणी अडविणारी वस्तू आणि शत्रू अडविणारी वस्तू यांमध्ये भाषेने अनेक ठिकाणी भेद केलेला नाही. हा भेद प्रत्यक्ष भूमीवर कितपत होता, हे बीडमधील स्थळांवरून पाहता येते.

जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या दक्षिणेची काळ्या मातीची सखल पट्टी म्हणजे गंगथडी. या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात. पट्टीच्या पलीकडे बालाघाटची रांग चढते. सिंदफणा याच डोंगरभागातून निघून माजलगाव तालुक्यात मंजरथ येथे गोदावरीला मिळते, आणि बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा ही सिंदफणेची उपनदी होय. 'घाट' हा शब्दही येथे द्व्यर्थीच आहे. नदीवर उतरण्याच्या पायऱ्या हा घाट, आणि डोंगर चढण्याची वाट हाही घाट. 'बालाघाट' यातील 'बाला' हा फार्सी शब्द असून त्याचा अर्थ 'वरचा' असा आहे. बाळ किंवा बाला यांच्याशी त्याचा संबंध नाही. मोगली अमलात वऱ्हाडचे बालाघाट आणि पायानघाट असे वरचा व खालचा भाग पाडले जात, त्याच जातीचे हे नाव आहे.

नदीतील खऱ्या तटबंद बेटाचा नमुना पाहावयाचा झाल्यास मध्य प्रदेशातील मांधाता येथे जावे लागते. तेथे नर्मदा आणि कावेरी या नावाचा स्थानिक प्रवाह यांच्या वेढ्यात खडकाळ डोंगराचे बेट आहे. ओंकारेश्वर, सिद्धनाथ, गौरी सोमनाथ ही देवळे त्यावर असून तटाचे व दरवाजांचे अवशेषही आहेत. परमार राजांचे ताम्रपट तेथे सापडले आहेत; देवपालाचा इ. स. १२२५ चा ताम्रपट त्यांपैकीच. त्या सुमारास माळव्यावर यादवांच्या मोहिमा चालू होत्या आणि सिंघणाचा सेनापती खोलेश्वर हा तर बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईशी निगडित आहे, तेथील सकलेश्वर देवळाचा शके ११५० (इ. स. १२२८) चा शिलालेख त्याच्याच काळचा. मांधात्याला डोंगर, पाणी आणि भिंत ही तिन्ही एकावर एक आलेली आहेत. भिंत डोंगराच्या कडेने जाते, आणि कडा पाण्यात उतरतो. म्हणून तेथे 'तट' शब्दाचे तिन्ही अर्थ एका रेषेत येतात. गंगथडीत असे घडत नाही, कारण येथे नदीकाठाला डोंगर नाही. गाळाची सपाटी आहे. त्यामुळे तिन्ही अर्थ निरनिराळ्या जागी सुटे झालेले आढळतात, आणि अभ्यासाच्या दृष्टीने ते सुटे असणेच सोयीचे आहे.

नदी हीच भिंत कशी होते, याचे अत्यंत ठळक उदाहरण गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन हे होय. हे गाव गोदावरीच्या दक्षिण काठावर असून तेथील शनीचे देवस्थान प्रसिद्ध आहे. इ. स. १७६३ मध्ये निजामअलीने पुणे लुटले. त्यानंतर तो औरंगाबादकडे परतत असताना पेशव्यांच्या फौजा त्याच्या मागावर होत्या. भर पावसाळ्यात गोदावरी उतरण्याचा प्रसंग आला. निजामअली सैन्याचा एक भाग घेऊन उत्तर काठावर गेला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर राहिला. १० ऑगस्ट १७६३ रोजी रघुनाथराव आणि अठरा वर्षांचा माधवराव यांनी या मागे राहिलेल्या फौजेवर हल्ला केला. विठ्ठल सुंदर मारला गेला. निजामअली पैलथडीला होता, पण पुरामुळे त्याला मदत पाठविता आली नाही. आणि त्याच पुरामुळे मराठ्यांनाही त्याला तत्काळ गाठता आले नाही. पुढे तहात बऱ्याच लाखांचा मुलूख पेशव्यांना मिळाला.

युद्धाच्या इतिहासात ही लढाई माधवरावाच्या उदयाची म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. येथे एकही दगडी तट नव्हता. जे काम तटाने करावयाचे ते पाण्याने केले, आणि तेही दोन्ही बाजूंनी. मात्र हा तट ऋतूवर अवलंबून होता. चैत्र-वैशाखात जेथून बैलगाडी उतरते, तेथेच श्रावणात एका फौजेची दोन तुकडे होऊन पडली. किल्ल्याच्या भिंतीप्रमाणे नदीवर बारमाही भरवसा ठेवता येत नाही, आणि गंगथडीत नदीच्या आधारे मोठा कोट का उभारला गेला नाही, याचे एक कारण यात असावे.

राक्षसभुवनच्याच परिसरातील पांचाळेश्वर येथे याच्या उलट प्रकार आहे. येथील दगडी देऊळ काठावर नसून गोदावरीच्या पात्रातच उभे आहे. पावसाळ्यात त्याला चहूकडून पाण्याचा वेढा पडतो, आणि मोठ्या पुरात ते पाण्याखाली जाते. महानुभाव पंथात हे स्थान आत्मतीर्थ म्हणून पूज्य असून श्रीदत्तात्रेयप्रभूंचे भोजनस्थान ते हेच, अशी श्रद्धा आहे. माहूर हे निद्रास्थान मानले जाते. बेट या शब्दाला जिल्ह्यातील देवस्थानांत जर कोणी पात्र असेल, तर ते पांचाळेश्वर. परंतु हे बेट निसर्गाने दिलेले नाही. चिरेबंदी बांधकामानेच ते निर्माण केले आहे. येथील दगडी भिंतीचा शत्रू म्हणजे प्रवाह. सैन्य अडविण्यासाठी ती भिंत बांधलेली नाही, आणि पाहणारा तिला किल्ल्यासारखी म्हणतो, ते केवळ तिच्या जाडीमुळे व उंचीमुळे. दोन्ही भिंती सारख्या दिसतात, याचे कारण दोघींनाही रेटा सोसावयाचा असतो.

पांचाळेश्वरासारख्या स्थानांच्या अभ्यासासाठी मराठीत एक असाधारण साधन आहे, आणि त्याचा उपयोग वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांनी पुरेसा केलेला नाही. ते साधन म्हणजे 'स्थानपोथी'. मुनी व्यास यांच्या नावावर असलेला हा चौदाव्या शतकातील ग्रंथ चक्रधरस्वामींच्या संचारातील स्थाने नोंदवितो, वि. भि. कोलते यांनी तो संपादिला आहे. कोणते देऊळ पूर्वाभिमुख, कोणते उत्तराभिमुख, दारवठा कोणत्या दिशेला, पटिसाळ कोठे, आवारात आणखी कोणती देवळे, अशा क्रमाने त्यात वर्णन येते. त्यात अलंकार नाहीत आणि स्तुतीही नाही. उत्तरकालीन भक्ताला ती नेमकी जागा सापडावी, एवढाच हेतू आहे. त्यामुळे देवळाच्या भागांची तेरा-चौदाव्या शतकांतील बोलीतील नावे येथे शुद्ध स्वरूपात मिळतात. संस्कृत शिल्पग्रंथांतील नावे ही गवंड्याच्या व यात्रेकरूच्या तोंडची नव्हेत. देवळाभोवतीच्या भिंतीला या महानुभावीय गद्यात 'पौळी' हा शब्द येतो. दारवठा, पटिसाळ आणि पौळी हे तिन्ही शब्द आजच्या प्रमाण भाषेतून जवळजवळ गेले आहेत; 'आवार' मात्र राहिला. पौळी देवळाची आणि तट गडाचा, अशी विभागणी जुन्या भाषेत होती असे मानल्यास 'तट' शब्दाचा भिंतवाचक अर्थ लष्करी परिभाषेत वाढला असावा, असे अनुमान करता येते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरणात तट, बुरूज, पडकोट ही मंडळी एका रांगेत येतात, हे त्या अनुमानास पोषक आहे.

पैठण येथे जायकवाडी धरण झाल्यापासून पांचाळेश्वरच्या पाण्याचे गणित बदलले. धरणाच्या कामाचा प्रारंभ १९६५ मध्ये झाला आणि १९७६ मध्ये ते राष्ट्राला अर्पण झाले. पैठण हे गेवराईच्या वरच्या अंगाला आहे. पूर्वी पूर आकाशावरून आणि नदीच्या रंगावरून ओळखावयाचा. आता तो दरवाजे उघडल्याच्या वार्तेवरून कळतो. ऑगस्ट २००६ मधील विसर्गाने गेवराई तालुक्यातील काठच्या गावांना फार मोठा तडाखा दिला. देवळाच्या पायाला सतत थोडे पाणी लागणे आणि मधूनच एकाएकी प्रचंड लोंढा येणे, हा प्रकार जुन्या ऋतुबद्ध पुराहून निराळा आहे. चिरे सांधणाऱ्या कारागिराने ज्या नदीचा अंदाज घेतला होता, ती नदी आता त्याच रीतीने वागत नाही. स्थानपोथीतील वर्णनांचा आजच्या जागेशी मेळ घालताना हा फरक विसरून चालणार नाही. विशेषतः 'नदीपासून इतक्या अंतरावर' या जातीच्या खुणा तपासताना.

गोदावरीच्याच काठावर, खालच्या अंगाला माजलगाव तालुक्यात पुरुषोत्तमपुरी आहे. यादव राजा रामचंद्र याचा शके १२३२ (इ. स. १३१०) चा ताम्रपट येथे मिळाला, आणि वा. वि. मिराशी यांनी तो प्रसिद्ध केला. प्रधान पुरुषोत्तम याच्या संबंधातील या दानातून अग्रहार वसला व त्याला त्याचेच नाव मिळाले. ताम्रपटात रामचंद्राच्या पराक्रमाचे वर्णन आहे. पण त्याच्या तीनच वर्षे आधी, १३०७ मध्ये, मलिक काफूरने देवगिरीवर स्वारी करून याच राजाला दिल्लीला नेले होते, याचा मागमूस त्या प्रशस्तीत लागत नाही. प्रशस्तीच्या भाषेवर इतिहास रचणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. येथील पुरुषोत्तमाचे देऊळ विटांचे असून अधिक मासात तेथे मोठी यात्रा भरते. त्याच्या विटा पाण्यावर तरंगतात असे लोक सांगतात. ते काही असले तरी, दगडाच्या मुलखात वीट वापरण्याचे कारण काठावरच्या गाळात शोधणे अधिक सयुक्तिक होईल. सर्वच जुन्या देवळांना सरसहा 'हेमाडपंती' म्हणण्याची जी सवय आहे, तिच्यात हे विटांचे देऊळही ओढले जाते. हेमाद्रीचे नाव एका विशिष्ट, चुन्यावाचून चिरे बसविण्याच्या पद्धतीशी जोडलेले आहे. विटांच्या बांधकामाला ते लावण्यात काही अर्थ राहत नाही.

आता नदी सोडून बीड शहराकडे वळावे. येथे कंकालेश्वराचे देऊळ एका चौरस जलाशयाच्या मध्यभागी उभे आहे. तीन गर्भगृहे आणि त्यांना जोडणारा मंडप अशी त्याची रचना असून बाह्यांगावरील स्त्रीमूर्ती विशेष उल्लेखनीय आहेत. उत्तर चालुक्य-यादव काळातील ते मानले जाते. 'कंकाल' म्हणजे अस्थिपंजर. शैव मूर्तिशास्त्रातील कंकालमूर्ती प्रसिद्धच आहे. पांचाळेश्वराला पाणी सोसावे लागते, तर कंकालेश्वराभोवती पाणी मुद्दाम आणून ठेवले आहे. हे पाणी भिंतीचे काम करते, पण लष्करी अर्थाने नव्हे. जलाशयाच्या काठापासून देवळापर्यंत जाण्यास एकच वाट राहते, आणि त्या वाटेने चालत जाण्यात लौकिकातून देवाच्या क्षेत्रात प्रवेश घडतो. पौळीने जे साधावयाचे ते येथे पाण्याच्या पट्ट्याने साधले आहे. त्याला किल्ल्याचा खंदक समजणे चूक ठरेल.

शहराला स्वतःची तटबंदी होती. ती आता बहुतांशी नाहीशी झाली असली तरी कोतवाली वेस, राजुरी वेस ही नावे नित्य व्यवहारात आहेत. भिंत गेली आणि वेस उरली, हा अनुभव महाराष्ट्रातील कितीतरी गावांचा आहे. 'वेस' हा शब्द 'वेश', म्हणजे प्रवेश, याच्याशी जोडला जातो. 'वेस ओलांडणे', 'वेशीवर टांगणे' या प्रयोगांवरून गावाची मर्यादा ही भिंतीपेक्षा दाराने अधिक ओळखली जाई, असे दिसते. बिंदुसरेच्या बाजूस मात्र शहराची खरी मर्यादा नदीच होती. २३ जुलै १९८९ रोजी तिला आलेल्या पुराने काठच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या आणि अनेक माणसे दगावली. वर्षातील बहुतेक दिवस बारीक धारेने वाहणाऱ्या नदीला लोक हळूहळू नदी मानीनासे होतात आणि घरे थडीवरून पात्रात उतरतात. तडी कोठे संपते हे ज्या भाषेला इतके नेमके ठाऊक होते, तीच बोलणाऱ्या नगरात हे घडले.

'बीड' या नावाविषयी येथेच दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण त्याचाही पाण्याशी संबंध जोडला जातो. 'भीर' म्हणजे फार्सीत पाणी, आणि म्हणून हे नाव, अशी एक व्युत्पत्ती वारंवार छापली जाते. ती टिकणारी नाही. पाण्याला फार्सी शब्द 'आब' असा आहे. शिवाय फार्सीत 'भ' हा महाप्राण ध्वनीच नाही. अरबीत विहिरीला 'बिअर' असा शब्द आहे, त्यावरून ही कल्पना निघाली असणे शक्य आहे. 'भीर' हे रूप कसे आले, याचा खुलासा लिपीत आहे. उर्दूत या नावाचा अंत्य वर्ण 'ड़' असा लिहिला जातो. निजामी दफ्तरातून तो इंग्रजीत जाताना 'र' झाला, आणि इंग्रजी ग्रंथांतील 'र' पाहून पुढच्यांनी फार्सी अर्थ शोधला. डोंगराच्या पायथ्याशी बिळासारखी जागा म्हणून 'बीड', ही दुसरी व्युत्पत्ती भूगोलाला जुळते. पण 'ळ' चा 'ड' होण्याचा नियम दाखविल्यावाचून तीही स्वीकारता येत नाही. एखादी व्युत्पत्ती स्थळाला शोभते एवढ्याने ती सिद्ध होत नाही.

जिल्ह्यातील खरा लष्करी तट पाहावयाचा तर बालाघाटावर चढून धारूरला गेले पाहिजे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वरखान याने येथील किल्ला बांधून घेतला, आणि लवकरच तो निजामशाहीकडे गेला. १६३१ मध्ये मोगलांनी तो जिंकून त्याचे नाव फतेहाबाद ठेवले. डोंगराच्या सोंडेवरील या किल्ल्याला तीन बाजूंनी दरी आहे. चौथी बाजू जमिनीशी सलग असल्यामुळे तेथे खंदक खणावा लागला. 'खंदक' हा शब्द अरबीतून आला असला तरी मुळात तो 'खणलेले' या अर्थाचा इराणी शब्द आहे. किल्ल्यातील पाण्याच्या जागांना लोक 'गोडी दिंडी' आणि 'खारी दिंडी' म्हणतात. दिंडी म्हणजे वास्तविक लहान दार. पाण्याला दाराचे नाव का मिळाले, हे तेथे उभे राहिल्यावर कळण्याचा संभव आहे. कोशात ते सापडणार नाही.

धारूरच्या दरीकडील बाजूस भिंत नेमकी डोंगराच्या कडेवरून जाते. संस्कृतातला गिरितट आणि मराठीतला किल्ल्याचा तट येथे एकमेकांवर बसलेले आहेत. डोंगराची उभी कडा कोठे संपली आणि बांधकाम कोठे सुरू झाले, हे खालून पाहणाऱ्याला काही ठिकाणी सहज ओळखू येत नाही. 'तटावरून ढकलून दिले' असे वाक्य अशा किल्ल्याच्या हकीकतीत आल्यास दोन्ही अर्थ खरे ठरतील. काठवाचक शब्द भिंतवाचक झाला तो नदीकाठी नसून अशाच डोंगरी किल्ल्यांवर, असे मानणे म्हणूनच अधिक युक्त दिसते. गंगथडीच्या सपाटीवर त्याला 'थडी' आणि 'पौळी' हे दोन वेगळे शब्द उपलब्ध होते.